ग्रोझिलेचा कराओके बार: न गाता नुसतं बसून माणसं बघितली तर चालतं का?

निशिगंधा

नमस्कार मंडळी,

सध्या आमचा मुक्काम कॅरिबियनमध्ये, सेंट लुसियाला आहे. यजमान रॉडनी बेच्या एका हॉटेलात हिशेबाचं काम बघतात, मी सोबत आले. क्रिकेटवाल्यांना चटकन कळावं म्हणून सांगते: २०२४च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपमध्ये रोहितने ऑस्ट्रेलियाला धुतलं, ४१ चेंडूंत ९२, ते मैदान आमच्या घरापासून जवळ. तिथून समुद्राकडे उतरलं की ग्रोझिले हे कोळ्यांचं गाव लागतं. नकाशावर 'ग्रॉस आयलेट' दिसेल, बोलताना सगळे ग्रोझिलेच म्हणतात.

शुक्रवारची रात्र या गावाची. रस्ते गाड्यांना बंद, चौकात स्पीकरची भिंत, कोळशाच्या शेगड्यांवर मासे, कोंबडी आणि लांबी, म्हणजे मोठ्या शंखातल्या प्राण्याचं मांस. हे सगळं पर्यटकांच्या पुस्तिकांत असतं, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. मला विचारायचंय ते मागच्या गल्लीतल्या एका छोट्या कराओके बारबद्दल. पत्र्याचं छप्पर, कमरेइतक्या भिंती, निळा ऑइलपेंट, एक फ्रीज, एक लॅपटॉप, दोन माइक. चौकातल्या गर्दीतले फार थोडे लोक इकडे वळतात. येतात ते गावातले, आणि बरेचसे दर आठवड्याला तेच.

मी जिंजर बिअर घेऊन (तिच्यात दारू नसते) कडेच्या बाकावर बसते. यजमान एखादी पिटॉन (इथली बिअर) घेऊन बाहेर डॉमिनोच्या टेबलाशी रमतात. मी गात नाही. मला माणसं बघायला आवडतात, लहानपणापासून. आणि इतकी बघण्यासारखी माणसं एका खोलीत मला क्वचितच भेटली आहेत.

एक आजोबा आहेत. सत्तरी ओलांडलेली असावी. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, डोक्यावर फेल्ट हॅट. नाव पुकारलं की आधी हॅट काढून टेबलावर ठेवतात, मग उठतात. माइक दोन्ही हातांनी धरतात आणि डोळे मिटतात. पडद्यावर शब्द सरकत असतात, त्यांच्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. गाणं नेहमी एकाच जातीचं: जुनं, संथ अमेरिकन कंट्री, जिम रीव्ह्जच्या वळणाचं. आवाज खर्जातला, थोडा थरथरणारा. दुसऱ्या कडव्याला कोणीतरी आपल्या बायकोला हाताला धरून उठवतं आणि टेबलांमधल्या वीतभर जागेत ती जोडी नाचायला लागते, अगदी हळू, गालाला गाल लावून. मग दुसरी जोडी. आजोबांना हे दिसत नाही, त्यांचे डोळे मिटलेलेच असतात.

एक सिक्युरिटीवाला येतो. अंगात युनिफॉर्म, बुटांना पॉलिश, रात्रपाळीला निघालेला. त्याला कोणी थांबवून ठेवत नाही, रांग मोडून त्याला आधी माइक मिळतो, कारण त्याला बस पकडायची असते. एक प्रेमगीत म्हणतो, माइक रुमालाने पुसून परत देतो आणि जातो. दारूचा थेंब घेत नाही. म्हणजे हा माणूस कामावर जायच्या आधी फक्त गाण्यासाठी तिथे येतो.

आणि एक मुलगी आहे, सुपरमार्केटच्या कॅश काउंटरवर बसते म्हणून मी तिला ओळखते. काउंटरवर ती मान वर करत नाही. इथे तिने एकदा फारच उंच पट्टीचं गाणं निवडलं. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं, दुसऱ्यात सूर सुटला, मग शब्दही सुटले, मागचं संगीत मात्र पुढे चाललेलंच. मला तिच्यासाठी धस्स झालं. तेवढ्यात बाहेरून, डॉमिनोच्या टेबलावरून, एका जाड्या आवाजाने पुढची ओळ उचलली. त्याने मान वळवूनही पाहिलं नव्हतं, हातातला ठोकळा तसाच होता. त्याच्या मागून फ्रीजजवळच्या दोघी, मग अख्खी खोली. मुलगी मुखड्यावर परत आत शिरली, तसे सगळे एकेक करून गप्प झाले आणि गाणं पुन्हा तिच्या हाती दिलं. शेवटी टाळ्या झाल्या, पण इतरांना होतात तेवढ्याच. जास्त नाहीत. ही गोष्ट मला फार मोठी वाटली. कीव म्हणून जास्त टाळ्या वाजवणं किती सोपं होतं!

लॅपटॉप सांभाळणाऱ्या बाईंबद्दल तर स्वतंत्र धागा काढावा लागेल. चष्मा नाकावर, वही पुढ्यात. वहीत नावं आहेत आणि नावापुढे बारीक अक्षरात आकडे. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, कोणाला कितीने पट्टी खाली लागते ते लिहून ठेवलंय. माणूस खुर्चीतून उठून माइकपर्यंत येईतो त्यांनी बटण दाबून गाणं त्याच्या गळ्यात बसेल असं केलेलं असतं. गाणाऱ्याला हे कळतही नसेल.

गेल्या डिसेंबरात एक परदेशी जोडपं आलं होतं. त्या महिन्यात अटलांटिक ओलांडून शिडाच्या बोटी मोठ्या संख्येने रॉडनी बेला लागतात. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून निघून इथे पोचायची दरवर्षीची फेरी आहे ती. उन्हाने सोललेली नाकं, मिठाने ताठरलेले केस. त्यांनी आरडाओरडा करत एक रॉक गाणं म्हटलं, बऱ्यापैकी बेसूर, स्वतःच हसत. खोली शांतपणे ऐकत राहिली. कोणी नाक मुरडलं नाही, पण ओळही कोणी उचलली नाही. मग त्या बाईने एकटीने दुसरं गाणं मागितलं, हळू, आणि या वेळी ती हसत नव्हती. तिच्या ध्रुवपदाला मागच्या बाकावरून दोन आवाज आले.

तर माझे प्रश्न. बाहेरच्या माणसाने असं दर आठवड्याला येऊन न गाता बसलेलं त्यांना खटकत असेल का? मला अधूनमधून "तू नाही गाणार?" असं विचारतात, मी मान हलवते, ते हसून पुढे जातात. त्या हसण्याचा अर्थ मला लावता येत नाही. दुसरं, कॅरिबियन म्हटल्यावर मी सोका, रेगे, झूक ऐकायची तयारी ठेवली होती. ते चौकात आहेच. पण कराओकेला येणारी मोठी माणसं कंट्रीच का गातात? आणि ही ओळ उचलून द्यायची रीत कुठून आली? कोणी इथे राहिलं असेल तर सांगा.

मोर्न_फॉर्च्यून

निशिगंधाताई, कॅस्ट्रीजहून, म्हणजे इथल्या राजधानीतून, लिहितोय. शाळेत गणित शिकवायला आलो आणि इथलाच झालो. बायको बाबोनो गावची, त्यामुळे सासरचं गोतावळं मोठं आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं: बसा, खुशाल बसा. फक्त आत शिरताना सगळ्या खोलीला 'गुड नाइट' म्हणा. इथे रात्री भेटल्यावर तसंच म्हणतात, निरोपासाठी नव्हे. म्हाताऱ्यांना क्वेयोलमध्ये, म्हणजे इथल्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, 'बॉन्स्वा' म्हटलंत तर आणखी खूश होतील. कोपऱ्यात गुपचूप जाऊन बसणारा माणूस इथे उद्धट ठरतो, न गाणारा ठरत नाही. बसमध्ये चढतानाही तेच. बारा अनोळखी माणसं बसलेली असली तरी चढणारा आधी सगळ्यांना उद्देशून बोलतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कारण तो मला जवळचा आहे. ओळ उचलण्याची रीत कराओके यंत्रापेक्षा खूप जुनी. सेंट लुसियात फुलांच्या नावाच्या दोन मंडळ्या आहेत, ला रोझ आणि ला मार्गरीत. बेटभर त्यांचे गट आहेत. रोझवाल्यांचा सण ३० ऑगस्टला, मार्गरीतवाल्यांचा १७ ऑक्टोबरला. सणाच्या आधी कित्येक आठवडे रात्री जमून गाण्याच्या बैठका होतात. प्रत्येक गटात राजा, राणी, राजपुत्र, न्यायाधीश, पोलीस, नर्स असा सगळा दरबार मांडलेला असतो. नियम मोडला तर पोलीस येऊन पकडतो आणि दंड भरायला लावतो, तो पैसा मंडळीच्या पेटीत. रोझवाल्यांच्या बैठकीत ढोल आणि हालचाल जास्त, मार्गरीतवाले शांत बसून सुराला महत्त्व देतात. या सगळ्याच्या मध्यभागी असते शांतवेल, म्हणजे मुख्य गाणारी. ती ओळ टाकते आणि बाकी सगळे झील धरतात. सेसेन देकार्त (१९१४–२०१०) यांचं नाव इथे शाळेतली मुलंही सांगतील. त्या मार्गरीतच्या शांतवेल होत्या आणि क्वेयोल लोकगीतांची राणी म्हणून देशाने त्यांना डोक्यावर घेतलं.

माझ्या सासूबाईही त्यांच्या गावच्या गटात गायच्या. त्यांच्या बैठकीत मी पहिल्यांदा बसलो तेव्हा शांतवेलबाईंना मध्येच खोकल्याची उबळ आली. एकही क्षण रिकामा गेला नाही. झील धरणाऱ्यांनी ध्रुवपद फिरवत ठेवलं, बाईंनी पाणी प्यायलं, पदर सावरावा तसा स्कार्फ सावरला आणि पुढचं कडवं घेतलं. तुम्ही डॉमिनोच्या टेबलावर पाहिलंत ते हेच. तो ओळ उचलणारा माणूस बहुधा अशा बैठकांत वाढलेला असणार. आणि म्हणूनच ताई, न गाणारा ऐकणारा तिथे फुकटा नसतो. बैठकीत ऐकायला बसलेल्यांची जागा ठरलेली असते.

कंट्रीबद्दल: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने अमेरिकेला इथे तळ दिले. १९४०चा करार, त्यात जुन्या विनाशिकांच्या बदल्यात जागा. दक्षिणेला व्यू फोरजवळ विमानतळ बांधला, आजचा आपला हेवानोरा तोच. आणि उत्तरेला नौदलाचा हवाई तळ कुठे होता? तुमच्या ग्रोझिलेच्या आखातात! त्या सैनिकांबरोबर अमेरिकन गाणी आली, रेडिओ आला. आणि ती गाणी इथे रुजली याचं कारण इथले जुने जोडीने करायचे नाच तीन मात्रांच्या चालीचेही आहेत. त्यांच्या पायांना तो ठेका आधीच ठाऊक होता. आजही रविवारी दुपारी कॅस्ट्रीजच्या कुठल्याही गल्लीतून चाला, घराघरातून जिम रीव्ह्ज नाहीतर चार्ली प्राइड ऐकू येईल.

पॉइंट_लिसास

त्रिनिदादमधून. गॅसच्या प्लांटवर असतो. आमच्याकडे पोर्ट ऑफ स्पेनला अरियापिटा अव्हेन्यूवर वेगळंच चित्र. तुमच्या खोलीतली शांतता इथे मिळणार नाही. बेसूर झालात तर टेबलावरून शेरा येतो, मोठ्याने, आणि गाणाऱ्याने गाता गाताच उलट शेरा मारायचा असतो. न मारता आला तर लोक हिरमुसतात. कॅलिप्सोवाल्यांच्या इथे तर जागच्या जागी कवनं रचून एकमेकांना चिमटे काढायची स्पर्धाच असते कार्निव्हलमध्ये. तेच वारं बारमध्ये असतं.

पण मला सांगायचंय ते दक्षिणेकडच्या, सॅन फर्नांडो-शगुआनासच्या बाजूच्या बारबद्दल. तिथे हिंदी सिनेमाची गाणी गातात, तीही अशी माणसं ज्यांना हिंदी बोलता येत नाही. पणजोबा १८४५ नंतर कधीतरी करारावर ऊस तोडायला आलेले (पहिलं जहाज 'फातेल रझाक', ३० मे १८४५), भाषा दोन-तीन पिढ्यांत गेली, गाणी राहिली. १९७०पासून 'मस्ताना बहार' नावाचा टीव्हीवरचा हौशी कलाकारांचा कार्यक्रम चालला, त्यावर अख्ख्या पिढ्या गायला शिकल्या. एका बारमध्ये मी एका मेकॅनिकला रफीचं एक अवघड गाणं म्हणताना ऐकलं. हातावर ग्रीसचे डाग, समोर रोमन अक्षरांतले शब्द. 'श' आणि 'स' सगळे उलटसुलट, पण सुरांच्या हरकती अशा जागच्या जागी की मी ग्लास खाली ठेवला. गाणं झाल्यावर तो माझ्याकडे आला, मी भारतातला म्हणून, आणि एका ओळीचा अर्थ विचारला. मी सांगितला. म्हणाला, "मला वाटलंच होतं, असंच काहीतरी असणार." त्यानंतर त्याने तेच गाणं परत लावायला सांगितलं.

ताई, तुम्ही बघत बसा. बघणाऱ्याकडे लोक येऊन बोलतात.

डेक_सात

मी क्रूझवर करमणूक विभागात होते, कॅरिबियनच्याच फेऱ्या, आठवड्यातून ठरावीक रात्री कराओके माझ्याकडे. त्या वहीवाल्या बाईंना माझा साष्टांग नमस्कार. बोटीवर आम्हीही पट्टी बदलायचो, पण माणूस दर आठवड्याला नवा, तेव्हा लिहून ठेवायचं कोणासाठी? माझ्या मते सगळा फरक इथेच आहे. एका रात्रीपुरते जमलेले लोक एकमेकांना हसतात, कारण परत तोंड दाखवायचं नसतं. परंपरा वगैरे असेलही काका, पण रोजची ओळख असली की कुठल्याही गावात लोक जपूनच वागतात असं मला वाटतं.

एक सांगावंसं वाटलं. कराओकेच्या अगदी सुरुवातीच्या यंत्रांपैकी एक १९७१मध्ये जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी केलं. ते बारमध्ये साथ करणारे वादक. एका गिऱ्हाइकाला कंपनीच्या सहलीत गायचं होतं आणि इनोउएंना जाता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्या माणसाच्या गळ्याला बसेल अशी साथ टेपवर वाजवून दिली. तिथून कल्पना सुचली. म्हणजे एकेका माणसाची पट्टी सांभाळणं हे या यंत्राच्या जन्मातच आहे, आणि ग्रोझिलेच्या बाई वही घेऊन तेच करतायत.

बाकी थोडं कामाचं. विचारल्याशिवाय गाणाऱ्याचा व्हिडिओ काढू नका, लोक खरंच दुखावतात. लष्करी छापाचे कपडे घालू नका, सेंट लुसियात सामान्य माणसाला ते कायद्याने चालत नाहीत, टोपीसुद्धा नाही. आणि परतीच्या बसचा भरवसा रात्री उशिरा धरू नका.

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शुक्रवार होता, जाऊन आले, म्हणून लगेच लिहिते.

काका, आत शिरताना मोठ्याने 'गुड नाइट' म्हटलं. फ्रीजजवळच्या दोघींनी वळून उत्तर दिलं, वहीवाल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि बाकावरची एक पिशवी उचलून मला जागा करून दिली. पाऊस कोसळत होता, पत्र्यावर इतका आवाज की बाईंनी दोन गाण्यांमध्ये थांबून वाट पाहिली. त्या थांबण्याच्या वेळात हॅटवाले आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले, कारण त्यांच्या टेबलावर गळत होतं. यजमानही डॉमिनो सोडून आत आले होते. मग मी विचारलंच, ही गाणी तुम्ही कुठे शिकलात?

काका, तुमचा अमेरिकन तळ त्यांच्या गोष्टीत नाही. ते शिकले फ्लोरिडात. तरुणपणी ते ऊस तोडायला जायचे, ओकीचोबी तलावाच्या काठी. जमैका, बार्बाडोस, सेंट व्हिन्सेंट, डोमिनिका, सगळीकडची पोरं करारावर तिथे असायची. लांब बराकी, ओळीने खाटा, आणि एका जमैकनचा रेडिओ. तो रेडिओ जे लावेल ते सगळ्यांनी ऐकायचं. काम कोयत्याचं, पायाला आणि हाताला ॲल्युमिनियमची कवचं बांधून. त्यांनी नडगीवर हात ठेवून मला दाखवलं कवच कुठे यायचं ते. रात्री खाटेवर पडून गाणं पाठ करायचं, आणि सीझन संपवून घरी आले की नाचाच्या रात्री म्हणून दाखवायचं. म्हणाले, पैसा संपला, गाणी उरली. बायको याच गाण्यांवर त्यांच्याबरोबर नाचायची. ती आता नाही. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. पाऊस कमी झाल्यावर उठून त्यांनी हॅट माझ्या हातात दिली, टेबल ओलं होतं म्हणून, आणि गायला गेले.

दोन जोड्या नाचल्या. मी ती हॅट मांडीवर घेऊन बसले होते आणि या वेळी मला त्या गाण्यातली प्रत्येक ओळ वेगळी ऐकू येत होती, ऊसाच्या पट्ट्यातून आलेली.

डेक_सात, तुमचं म्हणणं मी तिथे बसून तपासत होते. ओळखीमुळे लोक जपतात हे खरं. पण ते बोटीवरचं जोडपं त्या रात्री पहिल्यांदाच आलं होतं, तरी त्या बाईच्या हळू गाण्याला आवाज मिळाले. काल एक पोरगा आला, कॅस्ट्रीजचा असावा, त्याला तिथे कोणी ओळखत नव्हतं. त्याने क्वेयोलमधलं काहीतरी म्हणायचं ठरवलं, बाईंकडे त्याची साथ नव्हती. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला. दुसऱ्या ओळीला सगळी खोली त्याच्यामागे होती. ओळख नव्हती, गाणं ओळखीचं होतं. काकांचं उत्तर मला जास्त पटतं.

पॉइंट_लिसास, तुमच्या मेकॅनिकने कोणत्या ओळीचा अर्थ विचारला ते सांगितलं नाहीत. मला झोप लागणार नाही.

आणि काका, एक विचारू का? त्या मार्गरीतच्या बैठकीला बाहेरच्या माणसाला येऊ देतात का?

मोर्न_फॉर्च्यून

ताई, आजोबांची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. तिचे दोन मामा त्याच उसाला गेले होते. एकाने येताना गिटार आणलं, अजून भिंतीवर आहे. ही वाट माझ्या डोक्यात का आली नाही कोण जाणे, घरातच होती. तळ, रेडिओ, ऊस, तिन्ही वाटांनी ती गाणी आली असं आता म्हणायला हवं.

बैठकीला या ना! आमच्या गटाच्या सध्या शनिवारी रात्री होतात, १७ ऑक्टोबरपर्यंत चालतील. गुडघ्याखाली जाईल असा साधा पोशाख घाला. दारात शिपाई अडवेल, घाबरू नका, त्याला माझं नाव सांगा. राजा-राणी आले की उभं राहायचं. बसून राहिलात तर दंड होईल, तेव्हा थोडी सुटी नाणी जवळ असू द्या. गायला कोणी सांगणार नाही. झील मात्र धरावी लागेल, ती तीन ओळींत येते. यजमानांनाही आणा. कॅस्ट्रीजपर्यंत १ए रूटची बस मिळेल, पुढे मी गाडी घेऊन येतो, आणि परत सोडायची जबाबदारीही माझी. बैठक संपायला पहाट होते.